शोकाला रूप हवे

नांदेडहून लातूरच्या रस्त्याने निघाले की थोड्याच वेळात विष्णुपुरी लागते. गोदावरीचा काठ, काठावरचे काळेश्वराचे मंदिर आणि उपसा सिंचन प्रकल्पामुळे अडलेले विस्तीर्ण पाणी, एवढीच एके काळी या गावाची ओळख होती. आता दोन मोठ्या संस्थांच्या पत्त्यात हे नाव येते. एक, १९९४ साली स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, दुसरी, डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय. पहिल्या ठिकाणी मराठीचे विद्यार्थी करुण रसाची लक्षणे अभ्यासतात. दुसऱ्या ठिकाणी नांदेड, हिंगोली, परभणी आणि सीमेपलीकडच्या तेलंगणातूनही आलेली माणसे आपल्या माणसाच्या खाटेशी बसून रात्र काढतात.

३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या २४ तासांत येथील रुग्णालयात २४ रुग्णांचे मृत्यू झाले. त्यांपैकी १२ नवजात बालके होती. औषधपुरवठा, मनुष्यबळ आणि खाटांची संख्या यांवर वृत्तपत्रांतून चर्चा झाली, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. ती चर्चा आवश्यकच होती. परंतु रिकाम्या हातांनी आपापल्या गावी परतलेल्या त्या मातांचे पुढे काय झाले, त्या कुणापाशी बोलल्या, कुणी त्यांना बोलू दिले, हा प्रश्न चर्चेत आला नाही. तो साहित्याचा प्रश्न आहे असे तर कुणालाच वाटले नसेल. मला तो साहित्याचा, किंबहुना समीक्षेचा प्रश्न वाटतो. विद्यापीठात ज्याला करुण म्हणतात त्याचा आणि रुग्णालयातून परतलेल्या त्या बाईचा एकमेकांशी काही संबंध आहे काय, याचा शोध प्रस्तुत लेखात घ्यायचा आहे.

अलीकडे 'कलोपचार' हा शब्द आपल्याकडे रुळू लागला आहे. चित्र, लेखन, संगीत, नृत्य, नाट्य यांच्या आधाराने आणि प्रशिक्षित व्यक्तीच्या सोबतीने शोकग्रस्ताला आपले दुःख पेलता यावे, अशी त्यामागची भूमिका. समीक्षकांनी या प्रकाराकडे बहुधा दुर्लक्षच केले. तो त्यांना वैद्यकाचा प्रांत वाटला. या दुर्लक्षाला कारणही आहे, आणि ते आपल्या काव्यशास्त्रात खोलवर रुजलेले आहे.

भरताने शोक हा करुणाचा स्थायी भाव सांगितला. क्रौंच पक्ष्याचा वध पाहून वाल्मीकीच्या मुखातून पहिला श्लोक बाहेर पडला, या कथेत आपण कवितेचा जन्मच शोकातून झालेला मानतो. पण अभिनवगुप्ताने या कथेचे विवरण करताना एक बंधन घातले. तो शोक मुनीचा व्यक्तिगत शोक नव्हे, असे त्याने निक्षून सांगितले. मुनी स्वतःच दुःखाने व्याकूळ झाला असता, तर त्याच्या हातून काव्य घडलेच नसते. 'माझे' हा शिक्का पुसला गेला, भावनेचे साधारणीकरण झाले, तरच शोकाचा रस होतो. नांदेडच्याच मातीत वावरलेल्या नरहर कुरुंदकरांनी (१९३२-१९८२) भरताच्या नाट्यशास्त्रावर आणि सौंदर्यविचारावर जे लिहिले, त्यामुळे मराठवाड्यातील आमच्या पिढीला हे प्रश्न आपले वाटू लागले.

हा सिद्धांत थोर आहे. परंतु मराठी समीक्षेने त्याचा एक सोपा अवतार करून घेतला. 'अनुभव पचलेला नाही', 'अलिप्तता साधलेली नाही' ही वाक्ये आपण सारेच लिहीत आलो. त्यांचा व्यवहारातला अर्थ असा होतो की, शोक ताजा असेल तर गप्प बसा, निवला की लिहा. म्हणजे ज्या क्षणी माणसाला रूपाची सर्वाधिक गरज असते, त्याच क्षणी कला त्याला दाराबाहेर उभे करते. कलोपचाराचा आरंभबिंदू नेमका उलट आहे. तो 'माझे' या शब्दापासून सुरू होतो आणि कृती चांगली की वाईट, हा प्रश्नच बाजूला ठेवतो. या दोन भूमिकांत समेट शक्य आहे काय, हा खरा पेच आहे.

प्रथम या उपचाराचा दावा काय आहे तो नीट पाहावा, कारण त्याच्या नावाने अनेकदा नको ती आश्वासने दिली जातात. इंग्लंडमधील चित्रकार एड्रियन हिल क्षयरोगाने आजारी पडून आरोग्यधामात दाखल झाला. तेथे स्वतःसाठी आणि शेजारच्या रुग्णांसाठी त्याने चित्रकलेचा आधार घेतला व १९४२ मध्ये या पद्धतीला 'आर्ट थेरपी' हे नाव दिले. त्याच वर्षाच्या अखेरीस फ्रीडल डिकर-ब्रँडाइस ही ज्यू चित्रकार नाझींच्या तेरेझिन येथील छळछावणीत नेली गेली. तेथील मुलांना तिने चित्रे काढायला शिकवले. प्रत्येक मुलाने आपल्या चित्रावर आपले नाव लिहावे असा तिचा आग्रह असे. १९४४ च्या ऑक्टोबरमध्ये ऑशविट्झला तिची हत्या झाली. त्या मुलांपैकीही बहुतेक वाचली नाहीत. सुमारे ४,५०० चित्रे मात्र दोन पेट्यांत राहिली आणि आज ती प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. या चित्रांनी मुलांचे प्राण वाचवले असे कोण म्हणेल? पण ज्या व्यवस्थेने माणसाचे नाव काढून घेऊन त्याला आकडा दिला, तिच्या पोटात बसून मुलाने कागदाच्या कोपऱ्यात स्वतःचे नाव लिहिणे, ही कृती क्षुल्लक नव्हती.

पुढे या विषयाला प्रयोगशाळेचीही जोड मिळाली. अमेरिकेत जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटे, आपल्या सर्वांत दुखऱ्या अनुभवाविषयी लिहायला सांगितले होते. लिहून झाल्याबरोबर त्यांना बरे वाटले नाही, उलट मन अधिक जड झाले. परंतु पुढच्या काही महिन्यांत दवाखान्याच्या त्यांच्या फेऱ्या कमी झाल्या. हा निष्कर्ष सर्वत्र पसरला. मात्र २००२ मध्ये मार्गारेट स्ट्रोब व त्यांच्या सहकाऱ्यांनी पती वा पत्नी गमावलेल्या माणसांचा अभ्यास केला, तेव्हा लेखनाने त्यांचा शोक लवकर ओसरतो असा पुरावा मिळाला नाही. त्याच संशोधिकेने हेंक शुट यांच्यासह १९९९ मध्ये मांडलेले एक निरीक्षण मला अधिक मोलाचे वाटते. शोकग्रस्त माणूस कधी गेलेल्याकडे वळतो, कधी उरलेल्या कामाकडे. हे हेलकावे म्हणजेच निरोगी शोक. सतत रडणे जसे घातक, तसे सतत धीर धरणेही घातक.

म्हणजे कला हे शोकावरचे औषध नव्हे. हे ज्यांना आधीपासून ठाऊक होते, त्यांच्यापर्यंत जाण्यासाठी युरोप-अमेरिकेची वाट धरायला नको. विष्णुपुरीहून लातूरकडे जाणारा रस्ता पुरे आहे.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालच्या गावांत दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. सुमारे ८ हजार माणसे गेली. पाऊस पडत होता आणि सामुदायिक चिता पेटत होत्या. तिसरा, दहावा, तेरावा हे विधी कुणी कुणाचे करायचे, हे सांगायलाही कित्येक घरांत माणूस उरला नव्हता. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. सरळ रस्ते झाले, भूकंपाला टिकतील अशी घरे झाली. वित्तहानीचा पंचनामा झाला, त्याची भरपाई झाली. शोकाचा पंचनामा करण्याची रीत आपल्याकडे नव्हती.

मला त्या वेळेचा विचार पुनःपुन्हा येतो. पहाटेचे चार. गिरणी गावात येण्यापूर्वी हीच मराठवाड्यातल्या बाईची जात्यावर बसण्याची वेळ होती. घर झोपलेले, अंधारात चेहरा दिसत नाही, समोर खुंटा धरायला जाऊ, नणंद किंवा शेजारीण. हाताला काम आहे, दगडाची घरघर आवाजाला आडोसा देते, आणि ओवीचा सांगाडा पिढ्यान् पिढ्या घडून तयार आहे. त्या सांगाड्यात मेलेला भाऊ, तुटलेले माहेर, कूस उजवूनही रिकामी राहिलेली मांडी हे सारे बसत असे. गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या स्त्रियांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. 'पारी' या ग्रामीण दस्तऐवज प्रकल्पाने २०१७ पासून त्या क्रमाने प्रसिद्ध करायला घेतल्या. आपण लोकसाहित्य म्हणून त्यांचा अभ्यास केला, त्यांतील प्रतिमा मोजल्या. पण या ओवीची रचना शोकाच्या दृष्टीने किती अचूक होती, हे पाहायचे राहिले.

त्या रचनेत तीन गोष्टी होत्या. पहिली, हाताला काम. दुःखाकडे तोंड करून नुसते बसायचे नाही, पीठ पडले पाहिजे. दुसरी, चौकट. ओवीला आरंभ आहे, शेवट आहे. आणि दळण संपले की गाणेही संपते, मग बाई उठून चूल पेटवते. स्ट्रोब यांनी सांगितलेले हेलकावे जात्याच्या फेऱ्यात आधीच होते. तिसरी, साक्षी. समोरची बाई उपदेश करीत नाही, गप्पही राहत नाही. ती पुढची ओवी उचलते. जाते गेले त्याचे मला दुःख नाही. ते कष्टाचे काम होते, आणि बायकांच्या मनगटांना त्यातून सुटका मिळाली हे बरेच झाले. पण जात्याबरोबर ही तीन अंगांची व्यवस्थाही गेली आणि तिच्या जागी आपण काहीच ठेवले नाही. १९९३ च्या त्या पहाटेनंतर हा रिकामेपणा उघडा पडला.

काम, चौकट आणि साक्षी ही तीन अंगे हाती धरून आपल्या धर्मग्रंथाकडे वळले तर काय दिसते? जुन्या करारातील विलापगीतांचा ग्रंथ यरुशलेमच्या विनाशानंतरचा आहे. त्यातला आक्रोश इतका उघडा आहे की, ही कविता कुणा समीक्षकाकडे आली असती तर त्याने 'अनुभव पचलेला नाही' असाच शेरा दिला असता. परंतु त्या ग्रंथाची पहिली चार गीते हिब्रू वर्णमालेच्या २२ अक्षरांवर क्रमाने बांधलेली आहेत. तिसऱ्या गीतात तर प्रत्येक अक्षराला तीन याप्रमाणे ६६ चरणसमूह आहेत. ज्याचे शहर जळाले, त्याने अक्षरांचा क्रम का सांभाळावा? मला वाटते, क्रम सांभाळला म्हणूनच तो बोलू शकला. शोकाला अंत नसतो; वर्णमालेला असतो. शेवटचे अक्षर आले की थांबता येते, आणि उद्या पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येते. पाचव्या गीतात चरण २२ आहेत, पण अक्षरांचा क्रम सुटलेला आहे. जणू रूपाचा आधार घेत घेत कवी आता हात सोडून चालू पाहतो आहे. प्रायश्चित्तकाळात आपण जी क्रुसाची वाट चालतो, तिच्या १४ थांब्यांतही हेच शहाणपण आहे: पाय चालतात, गुडघे टेकतात, प्रत्येक थांब्यापुरतेच दुःख समोर येते.

येथे एक कबुली देणे भाग आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका नियतकालिकासाठी मी कवितांची निवड करीत असे. आमच्या टपालात गेलेल्या आईवर, भावावर, धर्मगुरूंवर लिहिलेल्या कविता नेहमीच फार येत आणि 'साभार परत'चा शिक्काही त्यांच्याच वाट्याला अधिक येई. अशीच एका पित्याची कविता आली. बाळ तीन दिवस जगले होते. मी समासात लिहिले, 'कल्पना रूढ, ओळींचे आरंभ ओढूनताणून आणलेले', आणि कविता परत पाठवली. महिन्याभराने त्या गृहस्थांचे पोस्टकार्ड आले. त्यांनी तक्रार केली नव्हती. ओळींचे आरंभ तसे का आहेत एवढेच नम्रपणे कळवले होते. स्नानसंस्काराच्या वेळी बाळाला जे नाव द्यायचे ठरले होते, त्या नावाचे एकेक अक्षर एकेका ओळीच्या आरंभी होते. नाव द्यायचे राहून गेले, म्हणून त्यांनी ते कवितेत ठेवले होते. विलापगीतांची अक्षररचना मी वर्गात शिकवीत असे. समोरच्या कागदावर मात्र मला ती दिसली नाही.

ती कविता श्रेष्ठ होती असे मी आजही म्हणणार नाही. कल्पना रूढच होत्या. पण मी तिला चुकीचा प्रश्न विचारला होता. 'ही मला काय देते?' हा रसिकाचा प्रश्न. 'हिने लिहिणाऱ्याला कशावर उभे राहू दिले?' हा प्रश्न मला सुचलाच नाही. समीक्षेला दोन्ही प्रश्न विचारता आले पाहिजेत, आणि कोणता केव्हा विचारायचा याचे भान तिला हवे.

हे भान घेऊन मराठीतील काही परिचित कृतींकडे पाहिले तर त्यांचे वेगळेच पैलू समोर येतात. गोविंदाग्रजांच्या 'राजहंस माझा निजला' या कवितेतील आई आपले मूल गेले हे मानायला तयार नाही. शेकडो मराठी घरांत ही कविता पाठ होती. तिच्यात भावविवशता आहे हा आक्षेप जुना आहे, आणि पूर्णपणे चुकीचाही नाही. पण ज्या मातांपाशी स्वतःचे शब्द नव्हते, त्यांना तिने उसने शब्द दिले. उसने घेतलेल्या शब्दांनी रडणे हे खोटे रडणे नव्हे; स्तोत्रसंहिता म्हणताना आपण दुसरे काय करतो? याच्या अगदी उलट टोकाला इंदिरा संत आहेत. ना. मा. संतांचे १९४६ मध्ये निधन झाले आणि 'शेला' हा संग्रह १९५१ मध्ये आला. तेथे आक्रोश नाही. पाऊस, संध्याकाळ, अंगण, झाडे यांच्या आडून एक अनुपस्थिती बोलत राहते. आपल्या समीक्षेने हा संयम गौरवला, ते योग्यच झाले. मात्र त्यातून संयम हाच शोकाचा एकमेव सभ्य आकार, असा जो नियम काढला गेला तो योग्य नव्हता. इंदिराबाईंचा संयम हे त्यांनी स्वतः शोधलेले रूप होते. दुसऱ्यावर लादला तर तोच संयम तोंडावर ठेवलेला हात होतो.

तिसरे उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे. पंथाने त्या आपल्या नव्हेत, पण मराठी ख्रिस्ती साहित्याचा विचार त्यांच्यावाचून होत नाही. १९१९ साली रेव्हरंड टिळक गेले तेव्हा 'ख्रिस्तायन' हे त्यांचे महाकाव्य जेमतेम दहा अध्यायांवर थांबलेले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे ६४ अध्याय लिहून ते पूर्ण केले. वाङ्मयीन गुणांच्या तराजूत 'ख्रिस्तायन' 'स्मृतिचित्रां'च्या पासंगालाही पुरत नाही असे आपण म्हणतो, आणि ते खरे असेल. पण क्षणभर ती ६४ अध्यायांची मजल डोळ्यांसमोर आणावी. पतीच्या हातून सुटलेले काम हाती घ्यायचे, त्याने घातलेल्या छंदाच्या चौकटीत रोज बसायचे, आणि प्रभूच्या चरित्राला साक्षी ठेवायचे. काम, चौकट, साक्षी ही तिन्ही अंगे येथे पुन्हा भेटतात. १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या 'स्मृतिचित्रां'तील लेखिका मरणाविषयी लिहितानाही वाचकाला हसवू शकते. ते हसू त्या लांबच्या मजलेनंतरचे आहे. 'ख्रिस्तायन' वगळून 'स्मृतिचित्रां'कडे जाता येते; लक्ष्मीबाई तशा गेल्या नाहीत.

आता आपल्या काळातील उदाहरण. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी दिग्दर्शित केलेल्या 'तेरवं' या दीर्घांकात आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतील विधवा स्त्रिया स्वतः भूमिका करतात. तेरवं म्हणजे तेराव्या दिवसाचा विधी, ज्यानंतर समाज शोक संपला असे मानतो. नवऱ्यामागे राहिलेल्या बाईचे सारे प्रश्न मात्र त्या दिवसानंतरच सुरू होतात. या नाटकात काम करणाऱ्या वैशाली येडे यांच्या हस्ते जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन झाले. नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतल्यामुळे ती जागा रिकामी झाली होती, हेही विसरू नये. तरीसुद्धा जिच्या दुःखावर कथा-कविता लिहिल्या जातात ती बाई स्वतः व्यासपीठावर उभी राहून बोलते, ही घटना आपल्या साहित्यव्यवहारात विरळा आहे.

अशा प्रयोगापुढे दोन धोके असतात. शोकग्रस्त माणसाला तोच शोक रोज प्रेक्षकांपुढे उगाळायला लावणे हा पहिला. आणि प्रेक्षकाने डोळे पुसून, पुण्य पदरात पाडून घरी जाणे हा दुसरा. आपत्तीनंतरच्या शिबिरांत मुलांच्या हाती कागद देऊन 'तुझ्यावर काय गुदरले ते काढ' असे सांगतात आणि ती चित्रे मग देणगीच्या पत्रकावर छापतात, तेथे हे दोन्ही धोके एकत्र येतात. त्याला मी उपचारही म्हणणार नाही आणि कलाही नाही. तेरेझिनच्या चित्रांवर मुलाचे नाव होते. या चित्रांवर संस्थेचे असते. कसोटी साधी आहे. त्या कृतीवर हक्क कुणाचा? ती दाखवायची की पेटीत ठेवायची, पुन्हा करायची की थांबवायची, हे कोण ठरवते? 'तेरवं'मधील बाई दुसऱ्या बायकांसोबत उभी राहते, ठरलेल्या संवादांच्या आणि गाण्यांच्या चौकटीत बोलते, आणि विधवा या ओळखीवर अभिनेत्री ही दुसरी ओळख कमावते. समोरचा खुंटा धरणारी बाई तिला येथे पुन्हा सापडली आहे. माझ्या मते या नाटकाचे खरे यश तेच आहे.

आता विष्णुपुरीकडे परत येऊ. नवजात बालकाच्या मृत्यूला आपल्या समाजात तेरावा दिवसही नाही. बहुतेक हिंदू समाजांत इतक्या लहान बाळाला अग्नी देत नाहीत. पुरतात आणि मोजक्या क्रियांत सारे आटोपते. आई अनेकदा अजून खाटेवरच असते. मग तिला सांगितले जाते की दुसरे होईल, विसर. आपली ख्रिस्तसभाही या बाबतीत फार वेगळी नव्हती. स्नानसंस्काराविना गेलेल्या बालकांसाठी 'लिंबो'ची कल्पना शतकानुशतके सांगितली गेली. अनेक ठिकाणी त्यांना आशीर्वादित भूमीत जागाही मिळत नसे. १९८३ च्या धर्मविधिसंहितेतील ११८३ व्या कलमाने, आईवडिलांचा स्नानसंस्कार देण्याचा हेतू असेल तर स्थानिक धर्माध्यक्षांच्या अनुमतीने अशा बालकाचा ख्रिस्ती दफनविधी करता येतो, असे स्पष्ट केले. २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने या बालकांच्या तारणाची आशा बाळगायला गंभीर आधार आहेत, असे सांगणारा दस्तऐवज प्रसिद्ध केला. दार उघडले आहे; पण किती धर्मग्रामांत दुःखी मातापित्यांना ते उघडे असल्याचे ठाऊक आहे? त्या पोस्टकार्डवाल्या पित्याला कुणी हे सांगितले असते, तर बाळाचे नाव कदाचित प्रार्थनेत उच्चारले गेले असते.

जेथे विधी नाही तेथे कलेवर अधिक जबाबदारी येते. परदेशातील अनेक प्रसूतिगृहांत गेलेल्या बाळाच्या पावलांचा ठसा, केसांची बट, हातावरची नावपट्टी एका छोट्या पेटीत ठेवून आईला देतात. आपल्याकडे गोधडी शिवणाऱ्या बायका आहेत, ओवी आठवणाऱ्या आज्या आहेत, भजनी मंडळे आहेत. प्रशिक्षित समुपदेशकाची गरज मी नाकारीत नाही. गुंतागुंतीच्या शोकाला तज्ज्ञाचाच हात लागावा. पण बाळासाठी आधीच शिवलेले झबले गोधडीत जोडायला बसलेल्या आईच्या शेजारी दुसरी बाई सुईत दोरा ओवून देत बसली, तर तेथे काम आहे, चौकट आहे आणि साक्षीही आहे. यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. उपदेश न करता बसता येणे मात्र आवश्यक आहे, आणि आपल्याला तेच कठीण जाते.

मत्तयच्या शुभवर्तमानात प्रभूच्या जन्माची कथा सांगताना मध्येच बेथलेहेममधील बालकांच्या हत्येचा प्रसंग येतो. तेथे सुवार्तिक यिर्मयाच्या ग्रंथातील राहेलला उभी करतो. ती मुलांसाठी रडते आणि सांत्वन नाकारते. नाताळच्या आनंदात हे रडणे विसंगत दिसते. सुवार्तिकाला ते गाळता आले असते किंवा पुढच्याच ओळीत तिची समजूत घालता आली असती. त्याने तसे केले नाही. तिला नाकारू दिले, आणि तिचे नाव लिहून ठेवले. २८ डिसेंबरला आपण निष्पाप बालकांचा सण पाळतो. त्या दिवशीच्या मिस्सेत, आपापल्या धर्मग्रामात नाव न मिळता गेलेल्या बालकांची नावे, आईवडिलांची इच्छा असेल तर, मोठ्याने वाचता येणार नाहीत काय?

समीक्षेपुरते सांगायचे तर, साधारणीकरणाचा सिद्धांत मला सोडायचा नाही. 'माझे' दुःख 'आपले' होणे हेच कलेचे काम आहे. पण ते लिहिणाऱ्याने एकट्याने, अलिप्त होऊन, आधीच उरकून यावे ही अपेक्षा चुकीची होती. ते ऐकणाऱ्याच्या साह्याने होते. जात्याचा खुंटा दोघींनी धरायचा असतो. समीक्षक हा त्या अर्थाने समोर बसलेला दुसरा माणूस आहे. ती कविता आज माझ्या हाती आली असती, तर छापायची की नाही हा निर्णय कदाचित तोच राहिला असता. पण समासात मी शेरा लिहिला नसता. ओळींची पहिली अक्षरे वरून खाली वाचली असती, आणि उत्तरात त्या बाळाचे नाव लिहिले असते.